किल्ली घ्यायला निघालो आणि समुद्र लागला

आमच्या घरात समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता, म्हणून विशाखापट्टणमला बिऱ्हाड हलवायचं सगळं नियोजन मी एकट्यानं अंगावर घेतलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑफिसनं बढती देऊन माझी बदली केली आणि सावली गावातल्या आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही.

आईनं जन्मभर सावलीच्या बाजारात तलावातले मासे विकले होते. ती आधी तांदळाची पोती बांधायला बसली.

"माय, तिथीबी तांदूळ भेटते," मी म्हणालो.

"भेटत असन. त्याले आपल्या धानाचा वास येते काय?"

माझ्या बायकोला, वनिताला, कोणीतरी सांगितलं की समुद्राच्या हवेनं लोखंड गंजतं. तिनं लोखंडी कपाटाला खालपासून वरपर्यंत तेल चोपडलं. ते ट्रकमध्ये चढवताना चार हमालांच्या हातून इतक्यांदा निसटलं, की शेवटी त्याला चादरीत गुंडाळून, आजारी माणसासारखं उचलावं लागलं.

माझा बेत मात्र पक्का होता. ट्रक पुढे जाईल. आम्ही तिघं बल्लारशाहून रेल्वेनं जाऊ. घरमालक रावसाहेब दुपारी मुलीच्या गावाला निघणार होते, त्यांनी बाराच्या आत किल्ली न्यायला सांगितलं होतं. ट्रक येईस्तोवर आपण नव्या घरात चहा पीत बसलेले असू. (चहाची भांडी ट्रकमध्ये होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.)

सकाळी विशाखापट्टणमच्या स्टेशनवरून ऑटोनं निघालो. रावसाहेबांचं घर हाकेच्या अंतरावर आलं, रस्ता वळला आणि उजवीकडे एकदम समुद्र उभा राहिला.

"थांबव रे बाबा," आई ऑटोवाल्याला म्हणाली. मराठी त्याला येत नव्हती, तरी तो थांबला.

"पाच मिनिटं फक्त," मी बजावलं.

आईनं देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या आणि वाळूत जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती काहीतरी शोधत होती.

"पल्याडचा काठ काऊन दिसून नाई राह्यला?"

"नाई हाय, माय."

"पूर उतरला का दिसन," ती म्हणाली आणि वाट पाहायला खाली बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "येवढ्या पान्यातल्या मासोळ्या इकाले किती बाया लागत असन रे?"

मी वैनगंगेचा पूर पाहिलेला माणूस. पण पूर कुठून तरी येतो, कुठे तरी निघून जातो. हे पाणी सारखं येतच होतं आणि तरी जागचं हलत नव्हतं. आभाळ कुठं संपलं तेही कळेना. वनितानं नकळत माझा हात धरला होता. लग्नानंतर चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

उन्हाचा चटका बसला तेव्हा तिनंच विचारलं, "किती वाजले वो?"

बारा कधीच वाजून गेले होते. आमचे बारा मात्र आता वाजायचे होते.

घराला कुलूप. रावसाहेब गेलेले. संध्याकाळी ट्रक आला. ड्रायव्हर आमच्याकडच्याच मूल गावचा होता.

"साहेब, सामान कुठी खाली करू?"

"घराले कुलूप हाय."

"मंग मी काय हे मांडीवर घिऊन बसू?" तो चांगलाच तापला होता. बोलता बोलता त्यानं मान वळवली. समोर समुद्र. त्याचं भांडण तिथंच राहिलं. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि अंधार पडेपर्यंत समुद्र पाहत राहिला. मग त्यानं आपण होऊन सगळं सामान ओट्यावर उतरवून दिलं.

त्या ओट्यावर आम्ही संसार मांडला. आंघोळ-पाणी शेजारणीकडे, बाकी सगळं रस्त्यासमोर. येणारे-जाणारे कपाटाचा भाव विचारायचे, हात लावायचे आणि बोटं पुसत निघून जायचे.

अखेर चौथ्या दिवशी रावसाहेब आले. ओट्यावरची शिलाई मशीन, पोती आणि समुद्राकडे तोंड करून बसलेले आम्ही तिघं, हे त्यांनी पाहिलं.

"अंदर क्यों नहीं गये?"

"ताला है ना, साहब."

ते घराला वळसा घालून मागे गेले. थोड्या वेळानं माझ्या पाठीमागची खिडकी आतून उघडली.

"पीछे का दरवाजा तुम्हारे लिये खुला छोडा था. पडोसन को बोलके गया था."

शेजारीण रोज तेलुगूत काहीतरी सांगत मागे बोट दाखवायची, ती यासाठी! आईला वाटायचं, ती आमचं गाव विचारते. मग आई दरवेळी मान डोलवून सांगायची, "हो बाई, तिकडूनच आलो. लय दूर हाय."

"एक बार भी पीछे नहीं गये?" रावसाहेबांचा विश्वास बसेना.

"पीछे समुंदर नहीं है ना, साहब," मी म्हणालो.

ऑफिसनं हुशारी पाहून बढतीवर पाठवलेला माणूस तो हाच.