सुतानं मोजलेली बल्लारी

सोलापुरातल्या भवानी पेठेतले विणकर वीरभद्रप्पा लांबी मैलांत सांगत नसत, सुतात सांगत. १९३३ च्या माघात ते शाळेत गेले आणि भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी सूत धरलं. सोलापूर ते बल्लारी, सरळ: चार बोटं. होटगी, गदगवरून जाणाऱ्या आगगाडीच्या रेषेवर तेच सूत वळवलं, तर सहा.

बल्लारीला त्यांची दाक्षायणी दिली होती. पहिलटकरीण. विहिणीचं पत्र आलं होतं: "सातवा सरायला नऊ दिवस उरलेत. न्यायला कधी येता, वार कळवा. आठव्यात लेकीला प्रवास नाही." विहिणीचा होकार आल्याखेरीज दारात जाऊन उभं राहणं रीतीचं नव्हतं. आणि गरोदर बाईच्या घरी तार कोण करणार? तार म्हटली की माणसं आधी रडायला बसायची.

पोस्टातले कारकून म्हणाले, "अप्पा, साधं पत्र टाका. परवा पोचेल."

"आणि विमानानं?"

"ते मुंबईहून सुटतं. मुंबई ते बल्लारी चार-साडेचार तास."

वीरभद्रप्पांनी मनात जुळवलं. मेलनं रात्रीत मुंबई, पुढं चार तास. म्हणजे उद्या दुपारी. त्यांनी जादा तिकीट चिकटवलं आणि पाकिटावर ठळक लिहिलं: विमानाने. घरी येऊन बायकोला म्हणाले, "मल्लव्वा, माळा झाडून घे."

"पाळणा काढू व्हय?"

"काढ की."

विमान आठवड्यातून एकदाच उडायचं. आगगाडी रोजची, तेव्हा विमानही रोजचं, असं त्यांनी धरलं होतं. आदल्याच दिवशी ते गेलं होतं. पत्र मुंबईत पडून राहिलं.

दहाव्या दिवशी विहिणीचं कार्ड आलं. साधं, आगगाडीनं, दोन दिवसांत. "तुमचं पत्र सातव्याच्या शेवटच्या दिवशी मिळालं. आज आठवा लागला. बाळंतपण इथंच होईल. काळजी नसावी." खाली कोपऱ्यात दाक्षायणीचं बारीक अक्षर होतं: "अप्पा, परवा विमान घरावरून गेलं. मी अंगणात उभी राहून पाहिलं. तुमचं पत्र त्यातच होतं, हे मागनं कळलं."

मल्लव्वानं कार्ड दोनदा वाचून घेतलं. पाळणा धुऊन भिंतीला टेकवला होता.

"चार तासांचं म्हणत होता न्हवं?" ती म्हणाली.

"चारच तास लागले."

"मग?"

वीरभद्रप्पा मागाच्या खड्ड्यात उतरले आणि तुटलेला धागा शोधू लागले. धोटा दोनदा इकडून तिकडे गेला, थांबला.

"पोरीला केवढं दिसलं असंल हो ते?" मल्लव्वानं विचारलं.

त्यांनी दोन बोटांत जागा धरून दाखवली. धोट्याएवढीही नव्हती.