हाव म्हणजे होय नव्हे

आमच्या बुलढाण्याकडं कुणी बोलत असलं की ऐकणारा मधूनमधून 'हाव, हाव' करतो. मान्य आहे म्हणून नाही. ऐकून राह्यलो, एवढंच कळवायला. हे मी पुण्याच्या ऑफिसात घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. आम्ही शेतकऱ्यांना पिकाचा सल्ला देणारी, फोनवर आपोआप बोलणारी सेवा बनवत होतो. आपल्या पिकाची माहिती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. साहेब म्हणाले, "हाव म्हणजे होयच ना? झालं तर मग." मला तेव्हाच वास आला. लोकांकडून हो वदवून घ्यायलाच हा खटाटोप चाललाय की काय!

सेवा सुरू झाली, आणि तिच्यात सापडली नेमकी माझी आत्या. सुलतानपूरला तिची बीटी कपाशी. अळी लागणार नाही, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलेलं, आणि बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. बियाणंच खोटं, अशी तक्रार तिनं तालुक्याला कृषी कार्यालयात ठोकली. ती खरी ठरावी म्हणून नुसती हट्टाला पेटली होती.

मग बियाणे कंपनीचा माणूस बांधावर येऊन म्हणाला, "बाई, फवारणी तर तुम्ही उशिरा केली." हे आत्यानं फक्त आमच्या त्या फोनला सांगितलं होतं, सल्ला मिळावा म्हणून. तिनं लगेच मला गाठलं. "काऊन रे घरभेद्या! तूच सांगतलं ना त्याले?"

मी शपथा घेतल्या. रेकॉर्डिंग काढून ऐकलं. फोनमधली बाई विचारते, "आपली माहिती बियाणे कंपनीला..." आणि वाक्य संपायच्या आत आत्या म्हणते, "हाव. मंग?" त्यातला 'मंग' कुणी ऐकलाच नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्या म्हणाली, "आता सुनावणीत जीभ चावीन, पन हाव म्हननार नाही."

तालुक्याला अधिकाऱ्यानं कंपनीचं म्हणणं वाचलं. फवारणी उशिरा, बियाण्यात दोष नाही. आत्या ओठ घट्ट मिटून ऐकत होती. मी मध्ये उठलो तर, "तक्रारदार तुम्ही आहात का? बसा खाली." वाचन संपलं, त्यानं एकदा आत्याकडं पाहिलं. तिनं तोंड उघडेस्तोवर तो म्हणालासुद्धा, "काही म्हणणं नाही? म्हणजे मान्य आहे," आणि तक्रार निकाली काढली.

बाहेर येऊन आत्या पायरीवरच बसली. "मी तं काहीच नाही म्हनलं रे," ती म्हणाली.