धडा माकडाचा न्हाई

कुणी काही नवं सांगितलं की आमच्या शाळेचे अध्यक्ष आधी डोक्यावरचा पटका मागं सरकवायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "कशावरून?" आवाज चढलेला नसायचा. बाजारात वांगं दाबून बघतात तितक्याच सहज ते समोरच्याचं बोलणं दाबून बघत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचं गाव सुखी आहे.

माणूस चंद्रावर गेला ही बातमी त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. रेडिओनं पाऊस सांगितला की ते आभाळाकडं न बघता रेडिओकडंच संशयानं बघायचे. दुष्काळात शाळेत सरकारी मदतीची सुकडी आली, तेव्हा पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला, संध्याकाळपर्यंत आपल्याला काही होतंय का याची वाट पाहिली आणि मगच ती पोरांना वाटू दिली. पोरं तोवर उपाशी.

हायब्रीड ज्वारी आली तेव्हा एका पट्ट्यात ती पेरली, शेजारच्या पट्ट्यात घरची. हायब्रीड भरघोस आली. सगळ्यांना वाटलं, आता तरी पटेल. यांनी तिचा कडबा बैलापुढं टाकला. बैलानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. "मी ऐकीन तं बैलाचं," म्हणाले, आणि पुढच्या साली पुन्हा घरचीच पेरली.

मी त्या गावात विज्ञान शिकवायला गेलो तो काळ सत्तर सालानंतरचा. तीर्थपुरीच्या पलीकडं, कच्च्या रस्त्याचं गाव. शाळा गावच्याच संस्थेची आणि हे तिचे अध्यक्ष. मोठे शेतकरी, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. मारुतीचे पक्के भक्त. सकाळी आंघोळ करून ओल्या धोतरानं मारुतीला तेल घातल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाहीत.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, कुठले? परतूरचा, म्हटलं. परतूरला कुठं? स्टेशनच्या बाजूला. कुणाच्यातले? हे प्रश्न कुठं जाऊन थांबतात ते मला लहानपणापासून पाठ होतं. उगाच त्यांचा वेळ कशाला घालवा, म्हणून मी सरळ हात जोडले आणि "जयभीम" म्हणालो. त्यांनी पटका पुढं ओढला आणि "बराबर" एवढंच म्हणाले. त्या 'बराबर'चा अर्थ मी पुढं कितीतरी दिवस लावत बसलो होतो.

खरं सांगतो, संशयात मीही त्यांना हार जाणारा नव्हतो. छप्पन साली आमच्या घरानं धर्म बदलला तेव्हा मी शाळकरी होतो. कुणी गोड बोललं की आधी त्या गोडव्यामागं काय आहे ते बघायचं, ही सवय तेव्हापासूनची. या गावात खोली शोधायला निघालो तर भर उन्हाळ्यात प्रत्येकानं सांगितलं, खोली आहे हो, पण पावसात गळते. शेवटी वस्तीतच, आमच्याच लोकांत राहिलो. नोकरी वर्षा-वर्षाच्या बोलीवर. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे अध्यक्षांच्या शब्दावर. परतूरला वडील रेल्वेच्या रुळांवर काम करून थकले होते आणि माझ्या पगारावर घर चाललं होतं. तेव्हा त्यांचा पटका मागं सरकला की मी मनात घरखर्चाचा हिशेब मांडायला लागायचो.

नववीच्या पुस्तकाच्या शेवटी उत्क्रांतीचा धडा होता. मी शिकवलं ते असं, की फार फार पूर्वी माणसाचं आणि माकडाचं घर एकच होतं, मग वाटण्या झाल्या, ते एकीकडं गेले, आपण दुसरीकडं. पोरांनी घरी जाऊन ते कमी शब्दांत सांगितलं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर काही जण म्हणत होते, सरांनी मारुतीला आपला आजा केलं. काही म्हणत होते, सरांनी आपल्या आज्याला माकड केलं. अपमान नक्की कुणाचा झाला ते ठरत नव्हतं, पण चिडले सगळेच होते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. मी धडा पहिल्यापासून घेतला. दात, अंगठा, पाठीच्या टोकाशी उरलेलं शेपटाचं हाड. दर वाक्याला मागून "कशावरून?" यायचं आणि पोरं माना खाली घालून हसायची. जमिनीत सापडणाऱ्या हाडांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हाड काय बोलतं का? मी म्हटलं, विहीर खणताना जो थर खाली लागतो तो आधीचा की नंतरचा? त्यांनी विचार केला. "आधीचा," म्हणाले, पण तोंड कडू करूनच.

घंटा झाल्यावर त्यांनी मला लिंबाखाली बोलावलं.

"सर, मला काल नुस्ता शक आल्ता. आज खातरी झाली. ह्यो धडा माकडाचा न्हाई. तुमचा हाये."

मला कळलं नाही. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. देवानं माणूस एकसारखा नाही घडवला, ज्याला त्याला वेगळा घडवला. ज्याचं त्याचं काम हातावर लिहून खाली धाडलं. एकाला नांगर, एकाला पूजा, एकाला गावकूस. रेघा उगाच नाहीत हातावर. आता तुम्ही म्हणता समदे एका घरचे. मग कुणी कुणाला कोणत्या दारात अडवायचं? पारावरचे लोक माकडावरून चिडलेत, त्यांना अजून धडा कळला नाही. कळला की खरे चिडतील.

मी गार पडलो. अख्ख्या गावात धडा नीट समजलेला हा एकच माणूस आणि तोच नेमका विरोधात.

"हो, माझाही आहे," मी म्हणालो. "तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

त्यांनी पटका मागं सरकवला. मग म्हणाले, "कायम व्हायचं हाये ना? मंग तेवढा धडा सोडून देत जा." ही धमकी होती की सल्ला, ते आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. सरकीचा भाव विचारावा तसा आवाज. मी म्हटलं, धडा परीक्षेला येतो, सोडता येणार नाही. ते पटका सारखा करून निघून गेले आणि मी मनात सामान बांधायला घेतलं.

त्या थंडीत वानरांची टोळी गावात उतरली. गावात वीज नुकतीच आलेली. मारुतीच्या देवळासमोरच एक मोठं वानर तारेला चिकटून मेलं. आमच्या भागात वानर मेलं की माणसाचं करतात तसं सगळं करतात. अंघोळ, गुलाल, तिरडी, पुढं भजन. मग पुरुष डोकी भादरतात, तेराव्याला गावजेवण घालतात. त्या दिवशी गावात चुली पेटल्या नाहीत. शाळेला सुट्टी द्यायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून मी वर्गात होतो.

अध्यक्षांचा पुतण्या दोघा-चौघांना घेऊन शाळेत आला. "सर, तुमचे पूर्वज वारले," म्हणाला. "खांदा द्यायला चला." बरोबरचे तोंडाला उपरणं लावून हसत होते.

आता तुम्हीच सांगा काय करायचं. पूर्वी गावात मयत झालं की गावोगाव सांगावा नेणं, सरणाची लाकडं वाहणं ही आमच्याच लोकांची कामं होती. छप्पन सालानंतर आम्ही ती सोडली, आणि सोडताना मारही खाल्ला. मी गेलो असतो तर वस्ती म्हणाली असती, सर पगारासाठी पुन्हा त्याच वाटेला लागले. नाही गेलो तर मारुतीचा अपमान, आणि मला कायम करायची सभा तोंडावर आलेली. मी म्हटलं, तास संपवून बघतो. "वाट बघून राह्यलो बरं का," असं म्हणून ते गेले. पोरांना काय शिकवत होतो ते मलाच कळेना.

थोड्या वेळानं अध्यक्ष स्वतः आले. पायात काही नाही, धोतर ओलं, हाताला गुलाल. वानराला अंघोळ त्यांनीच घातली होती, तो मान त्यांचा. पोरांना त्यांनी बाहेर पाठवलं.

"हात दाखवा," म्हणाले.

मी तळहात पुढं केला. ते हातभर अंतरावर थांबले. माझ्या हाताला न शिवता त्यांनी शेजारी आपला तळहात धरला आणि दोन्हीकडं आळीपाळीनं बघितलं.

"त्याच्या बी हातावर रेघा हायेत," म्हणाले. "आंघूळ घालताना मूठ उघडली तं दिसल्या. बराबर आपल्यावानी. त्याला कुणी काम लिव्हलं?"

मी मूठ मिटून दाखवली. म्हटलं, हात जिथं दुमडतो तिथं घडी पडते. आईच्या पोटात असतानाच पडते. त्याला फांदी धरायची असते, आपल्याला नांगराचं रुमणं धरायचं असतं. घडी तीच. त्यांनी आपली मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"मंग आमचं-तुमचं काम कुणी लिव्हलं?"

"माणसांनी," मी म्हणालो. "लिहिलं माणसांनी आणि खपवलं देवाच्या नावावर."

आता हे भडकणार, असं वाटलं. पण ते भडकले नाहीत. खिडकीतून देवळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही तिकडं येऊ नका. पोरं टपून बसलीत. आले तर म्हणतील, सरांचा बाप मेला. न आले तर म्हणतील, मारुतीला मान दिला नाही. शाळा चालू ठेवायचा हुकूम माझा आहे, असं मी सांगतो.

हे सगळं माझ्या फायद्याचं होतं, म्हणूनच मला शंका आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "की माझा हात तिरडीला लागू नये म्हणून?"

बाहेर टाळ वाजत होते.

"ते बी हाये," म्हणाले.

मला राग आला, का येऊ नये? पण खरं सांगायचं तर त्या रागात थोडं बरंही वाटलं. तोवर मला खोल्या गळतात असंच सगळे सांगत आले होते. तोंडावर खरं बोलणारा हा पहिलाच.

पंधरा दिवसांत सभा झाली. मेंबर लोक मला काढा म्हणत होते. यांनी माझी बाजू घेतली असं मला वाटत होतं, पण नंतर कळलं की त्यांनी फक्त एवढंच विचारलं, पुस्तक कुणाचं? सरकारचं. मग सरकारला कुणी जाऊन सांगायचं? त्यावर कुणी उठलं नाही आणि मी कायम झालो. हे त्यांनी माझ्यासाठी केलं की सरकारच्या धाकानं, हे विचारायची सोय नव्हती. त्यांना धडा पटला असंही ते कधी म्हणाले नाहीत. वानराच्या तेराव्याला डोकं भादरून पंगतीत वाढत होते. मारुतीचं तेल एक दिवस चुकलं नाही. त्यांच्या ओट्यावर मला चहा मिळायचा, पण माझा कप धुवून वेगळ्या कोनाड्यात ठेवला जायचा आणि ते त्यांना दिसायचं, मलाही दिसायचं.

एक खोड मात्र त्यांना नवी लागली. न्हावी असो, दुकानदार असो, बोलता बोलता ते समोरच्याचा तळहात बघायचे. गावात हूल उठली की अध्यक्षांना भविष्य कळायला लागलं. बायका पोरींची लग्नं विचारायला ओट्यावर येऊ लागल्या. ते वैतागून जायचे. "मी काय जोशी हाये का? नुस्तं बघून राह्यलो ना," म्हणायचे. बायकांना तोही विनय वाटायचा. मी हसू दाबत बसायचो आणि ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे, की ही सगळी तुमचीच करणी आहे.

काही वर्षांनी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. मी बघायला गेलो तेव्हा मुलं आणि तो पुतण्या ओट्यावर बसले होते. मी सवयीनं ओट्याच्या कडेला टेकलो. आतून जड जिभेनं आवाज आला, सर आले का? आत येऊ द्या.

त्या घराच्या आत मी कधी गेलो नव्हतो. चौकटीपाशी पाय थबकले. सुनेनं पदर सावरला आणि वाट दिली. ते माजघरात पडून होते, त्यांना अंगणात उन्हाला यायचं होतं. दोन्ही मुलं धरायला पुढं झाली तर त्यांनी डाव्या हातानं त्यांना मागं सारलं.

"सर, हात द्या," म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकलीच. म्हटलं, म्हातारा या अवस्थेतही कुणाची तरी परीक्षा घेतोय, माझी नाहीतर मुलांची. पण हात दिला. त्यांनी तो गच्च धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. माजघरातून, देवघरावरून, स्वयंपाकघराच्या दारावरून आम्ही एकेक पाऊल टाकत निघालो. अंगणातल्या बाजेवर त्यांना बसवलं तरी त्यांनी हात सोडला नाही. श्वास लागला होता. तो जरा बसल्यावर म्हणाले,

"वानर मेलं त्या दिवशी म्हन्लं होतं, ते बी हाये. आता न्हाई."

पुढच्याच आठवड्यात ते गेले. मी पेपर तपासायला जालन्याला गेलो होतो, निरोप मिळून पोचलो तोवर राख सावडून झाली होती. त्यांचं ते बोलणं मनापासूनचं होतं, की पडलेल्या माणसाला कुणाचाही हात चालतो म्हणून होतं, हे मी फार दिवस उलटसुलट करून पाहिलं. पुतण्याला विचारावं असंही एकदा मनात आलं, पण नाही विचारलं. पुरावा माझ्याकडं काही नाही. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, पण त्यांचं हे एवढं वाक्य मी विश्वासावर धरून चाललो आहे.