हळदीनं वर आलेलं नाव

नातसुनेनं यंदाची हळद दळून आणली की मी तिच्याकडून चिमूटभर मागून घेते. तिला वाटतं, म्हातारीला खोकला झालाय. मला ती चाकूसाठी हवी असते.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या मालकांना जुने घडीचे चाकू जमवायचा भारी नाद. त्या दिवशी हिंगोलीच्या बाजारातून त्यांनी शिंगाच्या मुठीचा एक आणला. पात्याच्या बुडाशी कारागिराचं नाव होतं, पण पार झिजलेलं.

“जरा हळद आण बरं,” ते म्हणाले. पात्याला जवसाचं तेल लावून त्यांनी वर हळद चोळली आणि अंगठ्यानं हलकेच पुसली. खाचांत अडकलेल्या हळदीनं एकेक अक्षर पिवळं होऊन वर आलं.

“बघ, बराबर वाचता येऊन राहिलं!” परमुलखातल्या त्या लोहाराचं नाव वाचताना त्यांचा चेहरा हळदीच्या नवरदेवासारखा झाला होता. त्यांनी चाकू माझ्यापुढं धरला. “घे की.”

“हातात न्हाई घ्यायचा. भांडण व्हतंय. खाली ठिवा.”

ते हसले. चाकू जमिनीवर ठेवला, मग मी उचलला.

गावात निजामाच्या पोलिसांची धरपकड सुरू होती. दुसऱ्याच दिवशी ते सरहद्दीपल्याड वाशिमकडं निघून गेले, ते आलेच नाहीत.

आमचं भांडण कधी झालंच नाही. अजूनही मी हळद चोळते, नाव वर येतं. त्या दिवशी त्यांची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. ती तेवढी माझ्या हाताला लागायची राहिली.