वेलघेवड्याचे उलटे वेढे

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कॉइलकाका परसात उकिडवे बसले होते आणि घेवड्याचा कोवळा शेंडा सुतळीभोवती गुंडाळत होते. अंगठा, तर्जनी, वेढ्याला वेढा चिकटून. कालही असाच गुंडाळला होता, परवाही. सकाळी येऊन बघावं तर शेंडा सुटून मातीत लोळत पडलेला.

काका मोटरी भरतात. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. खाली पुढे दुकान, वर राहायची खोली, मागे चार पावलांचं परस. परसाशी त्यांचा संबंध वाळलेले कपडे काढण्यापुरता होता. बाग काकूंची. पण काकू न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर त्यांचा मुक्काम वरच्या खोलीत पडला. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते. परस तिथून दिसत नाही.

दवाखान्यातूनच त्यांनी काकांना कपाटातली औषधाची डबी आणायला लावली होती. डबीत सात बिया होत्या, जांभळ्या, वर काळे ठिपके. हा वेलघेवडा काकूंना मावशीने दिला होता आणि एकोणीस वर्षं त्या दर हंगामाला त्याचं बी धरत आल्या. बाजारात तसं बी मिळत नाही. त्यांनी विचारून पाहिलं होतं. गेल्या वर्षी उन्हाने सगळी फुलं गळली, एक शेंग धरली नाही. राहिलं ते एवढंच.

"सातही लावा," काकू म्हणाल्या. "ठेवलेलं बी पुढच्या वर्षी उगवेलच असं नाही. यंदा गेलं तर संपलं."

"जाईल कसं? मी आहे ना!"

"म्हणून तर सांगतेय."

सातही उगवल्या. काकांनी सात सुतळ्या ताणून बांधल्या, वीतभर अंतरावर गाठी मारल्या. मोटरीला शोभेल असं काम. रोज चहाबरोबर वरून प्रश्न यायचा, "कुठवर आला?" पहिल्या आठवड्यात काकांनी खरं सांगितलं. मग दोन शेंडे त्यांच्याच बोटांत मोडले, बाकीचे रोज खाली यायला लागले, आणि काकांनी गाठी मनानेच वाढवायला सुरुवात केली. परवा सांगताना त्यांनी घेवडा चौथ्या गाठीवर नेऊन ठेवला होता.

त्या सकाळी शेंडा गुंडाळून झाला आणि अकराला फिजिओ आली. आठवड्यातून तीनदा येणारी, ठणठणीत आवाजाची मुलगी. हात धुवायला ती मागच्या नळावर गेली आणि तिथूनच ओरडली, "काकू, तुमचे वेल तर झोपलेत की जमिनीवर!"

वरून हाक आली, "अहो, जरा वर या."

काका गेले, मागोमाग फिजिओही. काकू वॉकर धरून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी बँडेजची गुंडाळी पुढे केली. "शेंडा कसा गुंडाळता ते दाखवा. हा वॉकरचा पाय म्हणजे सुतळी."

काकांनी वाकून वेढे घातले, खालून वर, एकसारखे, एकावर एक न चढणारे. फिजिओ बघतच राहिली. "काय सुंदर गुंडाळलंय हो!"

"सुंदरच आहे," काकू म्हणाल्या. "मोटर भरलीय. अहो, घेवडा वरून बघितला तर घड्याळाच्या उलटा फिरत चढतो. तुम्ही काट्यांबरोबर नेताय. तुम्ही दिवसा बांधायचं, त्याने रात्री सोडवायचं. दोघांनाही दुसरा उद्योग नाही!"

फिजिओला हसू आवरेना. काका मात्र गंभीर. "एकतीस वर्षांत एक कॉइल उलटी भरली नाही मी."

"आता भरा. आणि चौथी गाठ?"

काकांनी बँडेज सोडवून पुन्हा नीट गुंडाळलं. "दुसरी," ते म्हणाले. "तीही पुरती नाही. आणि दोन शेंडे मोडले. माझ्याच हातून."

काकूंनी बँडेज त्यांच्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "मोडलेले उपटू नका. पानाच्या बगलेतून फुटेल. आणि उद्यापासून खरं सांगा. मी हाडाने मोडलेय, डोक्याने नाही."

ठरवणं सोपं होतं, हात ऐकेना. शेंडा धरला की अंगठा आपोआप जुन्या वाटेने निघायचा. शेवटी काकांनी उजवा हात खिशात घातला आणि डाव्याने काम केलं. वेढे वेडेवाकडे पडले, दुकानात असे पडले असते तर त्यांनी तार फेकून दिली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी एकही शेंडा सुटलेला नव्हता. चौथ्या दिवशी हात लावायचीही गरज उरली नाही. घेवडा स्वतःच पुढचा वेढा घेऊन बसला होता.

मोडलेल्या दोघांपैकी एक बगलेतून फुटला. दुसरा वाळला. सहा वेल सातव्या गाठीला पोचले आणि लाल फुलं आली. पहिली फुलं गळली तेव्हा काका तेही वर जाऊन सांगून आले. "मुळाशी पाणी वाढवा," एवढंच उत्तर आलं. नंतरची टिकली. भुंगे यायला लागले.

आता अकरा शेंगा धरल्या आहेत. सगळ्यात जोमदार वेलावरच्या दोन लांब शेंगांना काकांनी कॉइल बांधायचा लाल दोरा बांधलाय. त्या बियाण्याच्या, वाळून खुळखुळेपर्यंत तोडायच्या नाहीत. त्याला अजून महिनाभर तरी लागेल. बाकीच्यांतली एक तोडून त्यांनी वर दाखवायला न्यायचं म्हटलं, तर काकूंनी जिन्याच्या वरच्या टोकावरूनच बजावलं, "हात लावू नका. मी खाली येऊन बघणार."

जिना चौदा पायऱ्यांचा आहे. आज त्या नवव्या पायरीपर्यंत उतरल्या आणि वॉकर नव्हे, कठडा धरून परत वर गेल्या. उरलेल्या पाचांसाठी उद्या फिजिओ अकराला येणार आहे.