गिरण वाढव

शहापूरहून सरळगावला जाणारी एसटी किन्हवलीला अर्धी रिकामी झाली, तेव्हा मला खिडकी मिळाली. बायको गेल्यापासून मी कामासाठी बाहेर पडलोच नव्हतो. यंत्रांचे विजेचे नकाशे काढायचे आणि त्यावरून पॅनेल बनवून घ्यायचं, हा माझा धंदा. शाळा सातवीपर्यंत. वायरी ओढता ओढता नकाशे शिकलो. टोकावड्याजवळच्या एका भातगिरणीचं पॅनेल मीच आखलेलं. तिथून निरोप आला, की थांबवायला गेलं की पट्टा थांबायच्या ऐवजी आणखी जोरात पळतो. माणसाला लागलंय म्हटल्यावर निघावंच लागलं.

बाहेर शेतं कापून झाली होती. खळ्यांवर उडव्या (भाताच्या भाऱ्यांचे रचलेले ढीग) उभ्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायचा होता. बैलाचं सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "तुमी काय करता? वायरमन?"

"नाही. मी आखतो, वायरमन जोडतो."

"म्हंजे शॉक त्याला बसतो."

खरंच होतं.

सरळगावला चहा घेऊन गाडी बदलली. टोकावड्याला उतरलो तर समोर घाटाचे डोंगर, उन्हात वाळलेल्या गवताच्या रंगाचे. गिरणीवाला बारकू न्यायला आला होता. वाटेतच त्याने मला थांबवलं.

"काका, पॅनेल बिघडलं असलं तर लई बरं होईल. आईचा पदर पट्ट्यात गेला. मंदा, माजी बायको, बटणापाशी होती. आई ओरडली नि पट्टा आणखी जोरात पळाला. पदर फाटला म्हणून हात वाचला. आता गाव म्हणतंय, सुनेनं मुद्दाम केलं. आई तिला गिरणीत येऊ देत नाय. उद्या सासरा तिला न्यायला येतोय."

मी पॅनेल उघडलं. एकेक जोडणी ओढून पाहिली, पट्टा चालवून पाहिला. पट्ट्याच्या वेगाची दोन बटणं, 'वाढवा' आणि 'कमी करा'. खाली लाल, 'बंद'. बटणांजवळच्या नावपट्ट्यांवरचे शब्द मीच लिहून दिलेले. सगळं ठीक चालत होतं. तेच वाईट होतं. मी तोंडाचा फटकळ, पण त्या पोराला हे सांगायला जीभ उचलेना. "जेवून सांगतो," म्हटलं.

गिरणीला लागूनच घर. बारकू आलेलं गिऱ्हाईक उरकायला गिरणीत राहिला. मला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी) असं जेवण होतं. मंदा वाढत होती. कल्याणच्या चाळीतली पोरगी, मान वर करत नव्हती. बारकूची आई हौसाबाई, मनगटाला फडकं बांधलेली, दारात बसून होती. तिने गिरणीकडे तोंड करून हाक मारली, "बारक्या, गिरण वाढव रे. पाव्हणा एकलाच जेवतोय."

आणि गिरणी थांबली.

माझा घास हातातच राहिला. "हौसाबाई, त्या दिवशी तुम्ही काय ओरडलात?"

"काय ओरडणार? वाढव गो, वाढव."

मंदाने भांडं खाली ठेवलं. "मी तेच सांगतेय. यांनी वाढव म्हटलं, मी 'वाढवा' दाबलं. सगळे म्हणाले, उलट बोलते."

"मंग काय, बंद कर म्हणू? चालत्या लक्षुमीला?" म्हातारी म्हणाली. "दिवा वाढवतात, दुकान वाढवतात. तुज्या आयशीनं शिकवलं नाय?"

"आमच्या चाळीत दिवा बटणानं जातो."

हात पुसत आलेला बारकू हसला. म्हातारी हसली नाही. ती मंदाकडे वळून म्हणाली, "येडी गो तू. आन मी बी. उभी काय ऱ्हायलीस? वाढ की पाव्हण्याला."

"नक्की काय करू, ते नीट सांगा," मंदा म्हणाली. तेव्हा म्हातारी हसली.

माझी बायकोही कधी 'दिवा विझव' म्हणाली नाही. जन्मभर तिच्या तोंडून 'वाढव' ऐकलं आणि नावपट्टीवर लिहिताना नेमकं तेच आठवलं नाही.

जेवण झाल्यावर नावपट्ट्या खरवडल्या. 'जोरात' आणि 'हळू' लिहिलं. पिशवीत एक जास्तीचं लाल बटण होतं, ते भात ओततात तिथे, म्हातारीच्या हाताशी बसवलं. तिला कोणाला हाक मारायलाच नको.

"यावर काय लिहू?"

"काय नको लिवू. लाल दिसतंय की."

तिने ते दाबून पाहिलं, पट्टा थांबला. मग तिने मंदाला हाताला धरून पॅनेलपाशी उभं केलं. बारकू सासऱ्याला येऊ नका सांगायला फोनच्या बूथवर पळाला. निघताना मंदाने फडक्यात भाकरी बांधून दिली.

शहापूरला पोचलो तो दिवेलागणीला. देवापुढे दिवा लावला, भाकरी सोडून स्वतःच वाढून घेतली. बायको असताना दिव्याला फुंकर मारायची सोय नव्हती. तोंडचा वारा देवाला लागतो म्हणायची, फुलाने दिवा वाढवायची. ती गेल्यावर मी सरळ फुंकत होतो. बघणारं कोण होतं? त्या दिवशी जेवण झाल्यावर फूल बघायला अंगणात गेलो. तिने लावलेली जास्वंद मी पाण्यावाचून सोडली होती. तरी फुलली होती.