शेजारची जागा

काल जिंतूरच्या स्टँडवर कुणीतरी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि मला ती दुपार आठवली. त्या दिवशी कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात आम्हा नवरा-बायकोची शेवटची बैठक होती. मध्यस्थ बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवून इतकं नीट बोलतं केलं होतं, की घटस्फोटाच्या कागदावर सही करताना बायको हळूच म्हणाली, "असं आधी का न्हाई बोललो आपुन?" नंतर आम्ही दोघंही स्टँडवर परभणीच्याच गाडीला आलो. मला मधे बोरीला उतरायचं होतं, तिला पुढं माहेरी जायचं होतं. गाडी लागली तशी मी सवयीनं दोघांच्या सीटवर रुमाल टाकला, आत जाऊन खिडकीशी बसलो आणि शेजारी हात ठेवून जागा राखली. उकाड्यात घामेजलेली गर्दी चढली. एका म्हातारीनं विचारलं, "हितं कोन हाय?" मी म्हणालो, "माणूस यायलंय." तेवढ्यात मागं दांड्याला धरून उभ्या असलेल्या बायकोचा आवाज आला, "बसा मावशी, कुनी येणार न्हाई." बोरी येईपर्यंत मी त्या रुमालाची घडी घालत नि मोडत राहिलो. आता मी जागा धरत नाही, सीट रिकामी असली तरी उभाच जातो.